स्थळ कोणते, यावरून मुलगा ठरतो

गेल्या हंगामात कापूस वेचणीला आला असताना एका तालुक्याच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. विषय ठरलेला होता. खरेदी केंद्र कधी उघडणार, ओलावा १२ टक्क्यांच्या वर दाखवून किती गाड्या परत पाठवणार, हेच. बैठक संपली, चहा झाला, माणसे पांगली आणि देवळाच्या ओट्यावर चार जण मागे राहिले. त्यातले एक पासष्टीचे गृहस्थ आवाज खाली करून म्हणाले, "तुम्ही लोक जिल्हे फिरता. डहाणूकडे कोणी ओळखीचं आहे का?"

आम्हाला वाटले, चिकूच्या कलमांची चौकशी असेल. तसे नव्हते. त्यांचा मुलगा चौतीस वर्षांचा आहे. सात एकर कोरडवाहू, एक बोअर, तीही फेब्रुवारीत थांबते. मुलगा बारावी शिकलेला, निर्व्यसनी, अंगाने धट्टाकट्टा. सहा वर्षांत अकरा स्थळे झाली, अकरांनी नकार दिला. आता एक मध्यस्थ गावात येऊन गेला होता. "डहाणू-तलासरीच्या डोंगरातली मुलगी आणून देतो, दीड लाख मोजा, लग्नाचा खर्च वेगळा," असे तो म्हणाला. मोबाईलवर फोटो दाखवला. मुलीचे वय विचारले तेव्हा त्याने उत्तर दिले, "तुम्ही म्हणाल ते कागदावर येईल."

काकांना एवढेच हवे होते, की हा माणूस खरा की ठग, हे आम्ही कुणाला तरी विचारून सांगावे. त्यांच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, थकवा होता. आम्ही त्या रात्री त्यांना नीट उत्तर देऊ शकलो नाही. हा अग्रलेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे.

शेतकरी भाऊ आणि मायबहिणींनो, आपल्या भाषेत लग्नाच्या प्रस्तावाला 'स्थळ' म्हणतात. मुलाला स्थळ म्हणतात, मुलीला स्थळ म्हणतात. स्थळ म्हणजे जागा. "एक चांगलं स्थळ आलंय" असे आपण म्हणतो तेव्हा माणसाविषयी बोलत नसून पत्त्याविषयी बोलत असतो, हे भाषेने आपल्याला कधीचेच सांगून ठेवले आहे. आपले आजे-पणजे मुलगी देताना काय बघत? विहिरीला बारमाही पाणी आहे का, गाव रस्त्यावर आहे का, सोयरे जवळचे आहेत का. काळी जमीन असलेल्या गावाला मुली मिळत, मुरमाड गावाला उशिरा मिळत. तेव्हाही मुलाच्या आधी गावच पसंत किंवा नापसंत होत असे. आज फरक एवढाच झाला आहे, की काळ्या जमिनीचे गाव आणि मुरमाड गाव एकाच पारड्यात गेले आणि दुसऱ्या पारड्यात पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर येऊन बसले. "उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी" ही म्हण बोहल्याजवळ केव्हाच उलटी झाली.

हल्ली मुलीकडची अट ठरलेली असते. मुलाला पाच-दहा एकर शेती असावी, पण मुलगा शेती करणारा नसावा. ऐकायला विनोद वाटतो. नीट पाहिले तर त्यात चोख व्यवहार आहे. जमीन ही मालमत्ता आहे, तिला किंमत आहे. शेती हा धंदा आहे, त्यात तोटा आहे. मुलीच्या बापाने एका वाक्यात दोन्हीचा ताळेबंद मांडला. कृषी मूल्य आयोगाला जे इतक्या वर्षांत कागदावर दाखवता आले नाही, ते तो दारात उभा राहून दाखवतो.

त्याचा हिशेब आपणही करून बघू. पाच एकर कोरडवाहू कपाशी. एकरी चार क्विंटल धरू, पाऊस बरा झाला असे समजू. वीस क्विंटल झाले. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये. तो पूर्ण पदरात पडला असे धरले तरी वर्षाचे १,६२,२०० रुपये होतात. त्यातून बियाणे, खत, फवारणी, नांगरट. वेचणी किलोला दहा रुपये धरली तरी वीस हजार तिथेच गेले. व्याजाचे नाव अजून काढलेले नाही. तिकडे कारखान्यात कंत्राटावर पंधरा हजार महिना मिळवणारा मुलगा वर्षाला १,८०,००० घरी आणतो आणि बोंडअळी आली म्हणून त्याचा पगार कापला जात नाही. पाच एकरांचा मालक त्याच्यासमोर हरतो. ज्वारीचे तर बोलायलाच नको. कडब्याची गरज नसती तर आपल्यातल्या निम्म्यांनी ती पेरली नसती.

आणि हे हमीभाव मिळाला असे धरून. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसाच्या आयातीवरचे ११ टक्के शुल्क माफ केले आणि नंतर ती माफी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. म्हणजे आपला कापूस घरात यायच्या तोंडावरच दार उघडले. त्या निर्णयाने गिरण्यांचे काय भले झाले, याची चर्चा वर्तमानपत्रांत पुष्कळ झाली. किती साखरपुडे त्या हंगामात पुढे ढकलले गेले, याची नोंद कुठल्या मंत्रालयात होत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, बँड लावून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. देशभर त्याचे फोटो छापून आले. लोक हसले. आम्हाला हसू आले नाही. त्या मोर्चाची एक मागणी मात्र लोकांच्या लक्षात राहिली नाही. गर्भलिंग तपासणीच्या विरोधातला कायदा नीट राबवा, असे ती मुले म्हणत होती. आपल्या बापांनी काय केले, हे त्या मुलांना कळले होते.

ते आपण मान्य केले पाहिजे. महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीवर १९८८ साली देशात सर्वांत आधी कायदा केला. तरी सहा वर्षांखालच्या मुलांच्या गणनेत दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३ झाल्या, २०११ साली ८९४ उरल्या. बीड जिल्ह्यात २०११ साली ८०७. जळगावात ८४२, बुलढाण्यात ८५५. हे कापसाचे आणि ज्वारीचे जिल्हे आहेत. त्या वर्षी जी मुले पाच वर्षांची होती, ती आज लग्नाच्या वयाला येऊन ठेपली आहेत. भाव मिळाला तर सुना मिळतील, असे आम्ही म्हणत आलो. ते अर्धे खरे आहे. हरियाणातल्या शेतकऱ्याच्या गव्हाला हमीभाव मिळतो, दारात ट्रॅक्टर आहे, आणि तरी तिथे बिहार, बंगाल, आसामातून पैसे देऊन बायका आणाव्या लागतात. त्यांना तिथे 'मोलकी' म्हणतात, म्हणजे मोल देऊन आणलेली. आयुष्यभर त्या बाईला तेच नाव चिकटते. जपानात भाताच्या खेड्यांनी १९८५ च्या सुमारास फिलिपाईन्सहून सुना आणल्या. तिथे तर पैशाची वाण नव्हती. गावच मुलींना नको झाले होते.

आता त्या मध्यस्थाच्या डहाणू-तलासरीकडे येऊ. ज्या मुलखातून 'स्वस्तात' मुलगी मिळेल असे आपल्याला सांगितले जाते, तो मुलूख कसा आहे हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. डहाणू आणि तलासरी हे त्याचे उत्तरेचे, गुजरातला लागून असलेले तालुके. तलासरीत दहा माणसांतली नऊ आदिवासी आहेत, बहुतेक वारली. डहाणूत समुद्राकाठची पट्टी वेगळी आणि पूर्वेचा डोंगर वेगळा. घोलवड-बोर्डीकडे चिकूच्या बागा, डहाणू रोडला रेल्वे स्टेशन. एप्रिल २०१३ पासून मुंबईची लोकल तिथपर्यंत जाते. तिथून चर्चगेट सव्वाशे किलोमीटर. पूर्वेला पाडे, नाचणी, वरई आणि एका पावसाचा भात. त्यामुळे एकाच तालुक्यात दोन वेगळी 'स्थळे' आहेत. स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर असलेला मुलगा आणि दोन डोंगर ओलांडून असलेला मुलगा यांत तिथली मुलगीही फरक करते. तुमच्या-आमच्या गावात पुण्याची बस जे करते, ते तिथे लोकल करते.

याच मुलखात लग्नासाठी माणूस गहाण पडत असे. त्याला 'लग्नगडी' म्हणत. आपल्यापैकी ज्यांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला त्यांनी तो पुन्हा एकदा वाचावा. वारल्यांत हुंडा नाही. मुलाने मुलीच्या बापाला देज द्यायचे, वऱ्हाडाला जेवण आणि ताडी द्यायची. हातात पैसा नसलेला तरुण त्यासाठी जमीनदाराकडून कर्ज काढी. फेडायला रोकड नाही, म्हणून अंगाने फेडायचे. तो जमीनदाराच्या शेतावर बिनमजुरीने राबे, लग्न होऊन आलेली बायकोही राबे. हिशेबाची वही मालकाकडे, अक्षर मालकाला येणार, त्यामुळे कर्ज कधी फिटतच नसे. पुढे मुलेही त्याच दावणीला. त्या बाईची अब्रू मालकाच्या मर्जीवर असे, हेही लिहिले पाहिजे. मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस आदिवासींच्या स्थितीवर जो अहवाल दिला, त्यात या प्रथेची नोंद आहे. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती अंगावर काटा येईल अशी सांगितली आहे.

ही प्रथा कुणा सुधारकाच्या व्याख्यानाने गेली नाही. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे काही वारली गेले आणि परत येऊन त्यांनी पाड्यापाड्यांत सांगितले. मे १९४५ मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरीला हजारो वारली जमले. तेव्हा तो भाग उंबरगाव तालुक्यात होता. वेठ करायची नाही, बारा आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतावर पाय ठेवायचा नाही, असे तिथे ठरले. मग मिरवणुकीने मालकांच्या दारी जाऊन लग्नगड्यांना सोडवून आणले गेले. त्या पावसाळ्यानंतर गवत कापणीच्या दराचा संप झाला. हे गवत मुंबईच्या तबेल्यांना जात असे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच माणसे मेली. त्यांत जेठ्या गांगड होता. त्यांच्या झेंड्याचा रंग वेगळा होता आणि त्या रंगाशी आमचे मतभेद पुष्कळ आहेत. त्यासाठी वेगळा अंक काढू. पण लग्न आणि मजुरीचा दर या दोन गोष्टी एकच आहेत, हे त्या निरक्षर माणसांनी १९४५ साली ओळखले. आपल्याला ते अजून नीट कळलेले नाही.

वारल्यांकडे आणखी एक रीत आहे. ती आमच्याकडच्या काही मंडळींना आवडणार नाही, तरी सांगतो. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडले, दोन्ही घरांनी मान डोलावली, की ती नवरा-बायको म्हणून राहू लागतात. लग्नाचा विधी मागाहून, जमेल तेव्हा. कधी दोन वर्षांनी, कधी पदरात दोन मुले आल्यावर. मांडवात आईबाप लग्नाला उभे आणि त्यांचीच मुले अक्षता टाकायला पुढे, असे सामुदायिक विवाहांत दिसते. विधी लांबला म्हणून त्या बाईला कुणी नावे ठेवत नाही. लग्न लावणारी धवलेरी ही बाईच असते. भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहितात तोही बायकाच. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी पुढे ही चित्रकला कागदावर आणली, जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता शहरातल्या दिवाणखान्यांत वारली लग्नाचे चित्र टांगलेले असते आणि ज्या पाड्यातून ते आले तिथले लग्न खर्चाअभावी तीन वर्षे थांबलेले असते.

देज हे फार थोर आहे, असे आम्ही म्हणत नाही. त्याच देजाच्या दोरीने लग्नगडी बांधला जात होता. पण एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. जिथे मुलीसाठी बापाला पैसे मोजावे लागत नाहीत, तिथे ती गर्भात मारली जात नाही. ज्या २०११ साली बीडमध्ये ८०७ मुली मोजल्या गेल्या, त्याच साली आदिवासींच्या गडचिरोलीत ९६१ होत्या. ज्यांना आपण मागास म्हणतो त्यांच्या घरात मुली आहेत. आपल्या घरांत त्या नाहीत, म्हणून आता दलाल त्यांच्या घराकडे बोट दाखवतो आहे.

त्या घरांची आजची स्थिती काय आहे? भात झोडून झाला की दिवाळीनंतर पाडेच्या पाडे रिकामे होतात. कुणी वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो, कुणी वापीच्या, उंबरगावच्या, बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत. तरुण पोरे गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जातात, वेरावळ, पोरबंदर, ओख्यापर्यंत. समुद्रात रेघ आखलेली नसते. बोट पलीकडे गेली की पाकिस्तानी पकडतात आणि डहाणू-तलासरीचा पोरगा कराचीच्या तुरुंगात वर्षानुवर्षे पडतो. मागे बायको त्याची वाट बघत शेळ्या राखते. वीटभट्टीवर जाताना मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हलता येत नाही. लग्नगड्याचे नाव गेले, वही राहिली. अशा घरात मुलीचे देज म्हणून कुणी चाळीस-पन्नास हजार पुढे केले, तर बापाला ते जुन्या रीतीतलेच वाटू शकते. दीड लाखातले बाकीचे कुठे जातात, हे ओट्यावरच्या काकांनी त्या मध्यस्थाला विचारायला हवे होते.

काका, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. तो माणूस ठग असेल तर तुमचे दीड लाख जातील आणि मुलगी आठ दिवसांत नाहीशी होईल. अशी प्रकरणे आपल्या जिल्ह्यांतल्या पोलीस ठाण्यांत आहेत. तो माणूस खरा असेल तर ते त्याहून वाईट आहे. मग तुमच्या घरात अशी पोर येईल, जिला तुमची भाषा अर्धी कळते, जिचे माहेर पाच-सहाशे किलोमीटर दूर, आणि जिचे वय कागदावर 'तुम्ही म्हणाल ते' आहे. अठराच्या आतल्या मुलीशी लग्न लावणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, लावणाऱ्याचाही आणि तिथे हजर राहणाऱ्याचाही. पण कायद्याची भीती बाजूला ठेवा. सावकाराच्या वहीत आपले नाव चढले तेव्हा आपल्याला काय वाटले, ते आठवा. दुसऱ्या गरीब शेतकऱ्याच्या अडचणीचा भाव पाडून आपण खरेदी करणार असू, तर व्यापाऱ्याला शिव्या देण्याचा आपला अधिकार संपला.

आम्ही हे म्हणत नाही, की कापसाच्या मुलाने वारली मुलीशी लग्न करू नये. खुशाल करावे. दोन्ही घरांनी एकमेकांकडे जावे, मुलीने मुलाची सात एकर आणि ती फेब्रुवारीत थांबणारी बोअर डोळ्यांनी पाहावी, हो किंवा नाही म्हणावे. ती नाही म्हणेल अशी शक्यताही आहे. तिच्या पाड्यातला मुलगा वापीला जाऊन महिन्याला पैसे पाठवतो, तो तुमच्या मुलापेक्षा तिला बरा वाटू शकतो. तसे झाले तर तिच्यावर रागावण्याचे कारण नाही.

नाही म्हणणाऱ्या मुलींवर आपल्या बैठकांत फार राग निघतो. "शिकल्या आणि डोक्यावर बसल्या" असे सर्रास बोलले जाते. जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' हा चित्रपट मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्रात लागला. चंद्रपूरकडच्या गावातली कापूस उत्पादकाची मुलगी, तिला शिकायचे आहे, आणि पाहुणे येत राहतात, पाटावर बसवून उंची, रंग, नाव, गोत्र विचारत राहतात. बापाचा कापूस विकला जात नाही आणि मुलगी 'खपत' नाही. आमच्यातल्या ज्यांनी तो पाहिला ते दोन दिवस गप्प होते. कारण त्या पाहुण्यांच्या जागी आपणच सतरंजीवर बसलेले होतो. आज चौतिशीत लग्न न जमलेल्या मुलाचे जे दुःख आहे, ते आपण पिढ्यान् पिढ्या मुलींना पाटावर बसवून दिले आहे. मुलगी नाही म्हणते ते मुलाला नव्हे. पहाटे पाण्याला, दुपारी वेचणीला, संध्याकाळी चुलीला आणि वर्षाअखेर सावकाराला, या दिवसाला ती नाही म्हणते. तिने आईला तो दिवस काढताना पाहिलेले असते.

गेल्या महिन्यात हेच आम्ही एका सभेत मांडत होतो. मागच्या रांगेतून एक बाई उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या लेकी कुठं दिल्या?"

सभा शांत झाली. या पत्रकाचे काम बघणारे आम्ही तिघे. तिघांच्या मिळून चार मुली. दोन पुण्यात, एक हैदराबादला, एक अजून शिकते आहे. शेती करणाऱ्याच्या घरात एकही दिलेली नाही. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही म्हणून आम्ही माईकवर गळा काढतो आणि घरी स्थळ आले की आधी पगार विचारतो. त्या बाईंना आम्ही खोटे सांगितले नाही, एवढेच. त्या परत म्हणाल्या, "मग दोष कुणाला देता?" आणि खाली बसल्या.

त्यानंतर आम्ही आपापसात पुष्कळ बोललो. भाव, पाणी आणि मुलींचा जन्म, या गोष्टी सुटल्याशिवाय गाव 'स्थळ' होणार नाही, हे खरे. आयात शुल्काचे भांडण दिल्लीशी आहे, ते चालूच राहील. पण एक गोष्ट दिल्लीवाचून करता येते, आणि ती जुनीच आहे. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. त्यानंतरच्या काळात लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. ज्या गावात शंभर घरांनी बायकोच्या नावावर जमीन केली, ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणून जाहीर होत असे. हजारो शेतकऱ्यांनी त्या वेळी सातबाऱ्यावर बायकोचे नाव चढवले. आज तो कार्यक्रम आठवणीत उरला. मुलगा बघायला आलेल्या पाहुण्यांना सातबारा दाखवताना "लग्नानंतर सहा महिन्यांत यातली दोन एकर सुनेच्या नावावर होईल, आता लिहून देतो" असे किती बाप म्हणू शकतील? ज्या मुलीने आईला आयुष्यभर दुसऱ्याच्या जमिनीवर राबताना पाहिले, तिच्या हिशेबात या वाक्याने काय फरक पडतो, हे आम्हाला अजून ठाऊक नाही. कारण आपल्यापैकी कुणी ते म्हणूनच पाहिलेले नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावच्या शाखेने दोन याद्या आणाव्यात. तिशी ओलांडलेल्या, शेती करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलांची एक. गेल्या पाच वर्षांत गावातल्या मुली कुठे कुठे दिल्या गेल्या, त्याची दुसरी. नावे नकोत, आकडे आणि ठिकाणे पुरेत. नावे फक्त एका बाबतीत हवीत. गावात 'मुलगी आणून देतो' म्हणणारा कुणी फिरत असेल, तर त्याचे नाव, गाडीचा नंबर आणि तो कुणाच्या ओळखीने आला, हे कार्यकर्त्यांकडे त्याच दिवशी पोचले पाहिजे. बैठकीची वाट बघायची नाही.

काकांना आम्ही फोन केला होता. मध्यस्थाला त्यांनी अजून पैसे दिलेले नाहीत. नाही असेही सांगितलेले नाही. काकू म्हणाल्या, त्यांना येऊ दे एकदा, मला त्या पोरीशी फोनवर बोलायचंय. मध्यस्थ फोन जोडून द्यायला तयार नाही.